मालवले मी सारे दिवे

३ नोव्हेंबर, सोमवार

दाढ काढली. वरची, डावीकडची. तोंडात कापूस कोंबलेला असताना दातांच्या डॉक्टरांनी त्यांची नवी गझल ऐकवली. दाद द्यायला तोंड मोकळं नव्हतं, म्हणून मान हलवली. डॉक्टर म्हणाले, हलू नका, लागेल.

हे डॉक्टर काव्यमंडळाचे अध्यक्ष. महिनाअखेरीला मंडळाचं वार्षिक कवितावाचन आहे. विषय: रात्रीचं आकाश. ऐकताक्षणी मी खुर्चीतूनच हात वर केला. त्यांना वाटलं दुखतंय. कापूस निघाल्यावर स्पष्ट सांगितलं, मी वाचणार. शाळेत माझी झाडावरची कविता फळ्यावर लागली होती, हेही सांगितलं. ते म्हणाले, आता चूळ भरा.

घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, आहेत तेवढे दिवे लावताय ते पुरे नाहीत का? बायको नर्स आहे. दिवसभर पट्ट्या आणि सुया बघून माणूस असा रुक्ष होतो. शिवाय ते बोलणं माझ्या नोकरीबद्दल असावं. मी दिवाबत्ती खात्यात सुपरवायझर. रस्त्यावरचे सगळे दिवे माझ्या हाताखाली.

संकल्प: रोज जेवण उरकून गच्चीवर. रोज दहा ओळी. ही रोजनिशी कुणालाही न दाखवणे.

४ नोव्हेंबर

गच्ची. डास. तारे एकूण तीन, त्यातला एक विमान निघाला. रस्त्यावर दिव्यांचा इतका झगमगाट की वर काही दिसेल तर शपथ. एवढे दिवे लावले कुणी, असं वैतागून मनात आलं. मग आठवलं.

ओळी: एकही नाही. पहिला दिवस होता.

गच्चीच्या अगदी मधोमध बसतो. कठड्याजवळ जात नाही. उंचीची भीती वगैरे काही नाही, एकाग्रतेसाठी. खांबावरही मी चढत नाही, पण ते सुपरवायझर आहे म्हणून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली!

मागच्या बाजूला, घरांच्या छपरांच्या वर, एकटी. लालभडक. बाकीचे तारे लुकलुकतात, ही स्थिर. इतके दिवस कशी दिसली नाही? मी समोर तोंड करून बसत होतो. आज डासांना पाठ केली.

नाव ठेवलं: रक्तिमा.

दिवसा त्याच दिशेला ती बेढब पाण्याची टाकी दिसते. रात्री टाकी अंधारात नाहीशी होते आणि नेमकी तिच्या जागी ही उगवते. कुरूपाच्या जागी सुंदर. निसर्गाची योजनाच वेगळी.

खाली आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या आमच्याकडेच असतात आणि सबंध दिवस मागच्या गॅलरीत बसून असतात. म्हणाल्या, तो लाल ना? तो टाकीवरचा दिवा आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर ढग. चंद्र गायब, तारे गायब. ती मात्र आहे! ढगातून आरपार! असं प्रेम कुठे बघायला मिळतं? बाकीच्या ताऱ्यांना सरकायची सवय, रात्रभर इकडून तिकडे. ही जागा सोडत नाही. घट्ट.

सुट्टी असूनही लाइनमन घरी आला. त्याला आम्ही शिडी म्हणतो, उंच आणि काटकुळा आहे म्हणून. टाकीवरच्या दिव्याच्या नव्या बॅटरीसाठी सही हवी होती. विमानांसाठी असतो तसला काहीतरी दिवा. न वाचता केली. अशा वेळी मला असल्या क्षुल्लक गोष्टींत ओढू नये, असं त्याला सौम्यपणे सांगितलं. तो म्हणाला, बरं सर.

ओळी: एक. "हे रक्तिमे". यापुढे अडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

का अडलं ते कळलं. दोष माझा नाही, उजेडाचा आहे. डोळ्यांत रस्त्यावरचा पिवळा उजेड घुसत असताना आतला उजेड बाहेर येणार कसा? मोठमोठे कवी काळ्याकुट्ट अंधारात लिहीत. त्यांच्या वेळी माझं खातं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पेटी आहे. तिच्यात आमच्या सबंध गल्लीतल्या रस्त्यावरच्या दिव्यांचा मुख्य खटका. पेटीच्या किल्ल्या तिघांकडे: मी, शिडी आणि आमच्या इंजिनिअर मॅडम.

फक्त विचार म्हणून लिहून ठेवतो.

जेवताना बायको काहीतरी ड्यूटीबद्दल सांगत होती. या आठवड्यात बदलली की पुढच्या. मी हं म्हटलं. डोक्यात "रक्तिमे"ला यमक चालू होतं. "प्रतिमे". सुचल्यावर इतका आनंद झाला की मोठ्याने म्हणालो. बायकोने ताट उचललं आणि आत गेली.

१३ नोव्हेंबर

मुद्दे. एक, अर्ध्या तासाने कुणाचं काय बिघडतं? दोन, दिव्यांनाही विश्रांती लागते. तीन, वीज वाचते, म्हणजे हे एक प्रकारे खात्याचंच काम. चार, त्या वेळी गल्लीत कुणी नसतं, सगळे डासांमुळे खिडक्या लावून टीव्हीसमोर.

पाचवा मुद्दा सापडला नाही. चार पुष्कळ झाले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. गच्ची, टॉर्चच्या उजेडात

केलं.

खटका पाडताना हात थरथरत होता. थंडीमुळे. पेटीला कुलूप परत लावलं, कुणाला संशय नको. भरभर वर आलो.

काय सांगू! गल्ली शाईत बुडाल्यासारखी. आणि वर? तारे! कुठे दडले होते हे सगळे? अंगावर येतायत. खरं तर थोडी भीती वाटतेय. म्हणून फक्त तिच्याकडे बघतोय. सारं विझलं, ती तेवढी उरली.

ओळी येतायत! धडाधड!

"सारे दिवे मालवले, तरी तू मालवली नाहीस,
ढगांच्या गर्दीतही, सखे, जागा सोडली नाहीस..."

खाली कुणीतरी बाई ओरडली. अहो, अहो, म्हणून. कुणाच्या तरी घरचं भांडण. हाक पुन्हा आली. कठड्याशी जाऊन बघावंसं वाटलं, पण कठडा लांब आहे आणि ओळ हातची जाईल.

"कुणासाठी जळतेस अशी? सांग ना, कुणासाठी?"

वा!

हाका थांबल्या. लोकांना शांततेची किंमत नाही.

त्याच दिवशी, नंतर

बायको.

ती बायको होती. तिची ड्यूटी कालपासून बदललीय, सुटायला रात्र होते, हे ती परवा जेवताना सांगत होती. गल्लीच्या वळणावर खडीचा ढीग आहे, घरी येताना अंधारात त्यावरून पडली. मी खाली आलो तेव्हा ती दाराशी पोचली होती, भिंतीला धरून, एका पायावर. चेहरा पांढराफटक.

लोक जमले. टॉर्च, मोबाइल. सगळे त्या लोखंडी पेटीभोवती. मी जाऊन खटका वर कसा करणार? शिडीला फोन गेला. तो सायकलवरून धापा टाकत आला, कुलूप काढलं, आत बघितलं आणि म्हणाला, फ्यूज शाबूत आहे. खटका पाडलाय कुणीतरी.

गल्ली उजळली.

१५ नोव्हेंबर

घोट्याचं हाड चिरलंय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बायकोच्याच दवाखान्यात, तिच्याच मैत्रिणींनी घातलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. दिवाबत्तीचा सुपरवायझर ना हा? आणि बायको अंधारात पडते?

बायको वेदनेने रडली नाही. दात आवळून एवढंच म्हणाली, ज्याने दिवे घालवले त्याला मी शोधून काढणार. तिने एकदा ठरवलं की संपलं. लग्नाच्या वेळी तिने मलाही असंच ठरवून शोधलं होतं.

ठरवलं: तिला सगळं सांगायचं. पण आधी पाय बरा होऊ दे. आजारी माणसाला धक्का देऊ नये, हे तीच नेहमी सांगते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमनी बोलावलं. पाचावर धारण बसली. आत गेलो तर म्हणाल्या, बसा, तुमच्या मिसेसचं ऐकून वाईट वाटलं. गल्लीतल्या बायकांनी सह्यांचं निवेदन दिलंय, पहिली सही तुमच्या मिसेसची. चौकशी लागणार. आणि ज्याच्या घरातलं माणूस पडलं त्याच्याइतकी कळकळ कुणाला असणार, म्हणून चौकशी तुमच्याकडेच देतेय.

मी आभार मानले. दुसरं काय करणार?

एका परीने बरंच झालं. चौकशी चांगल्या माणसाच्या हातात आहे.

१९ नोव्हेंबर

अहवाल दिला. निष्कर्ष: उंदीर. उंदराने खटक्यावर उडी मारली, वजनाने खटका खाली गेला.

मॅडमनी वाचला. उंदीर या शब्दाखाली रेघ मारली. मग विचारलं, उंदीर पेटीत शिरला कसा? म्हटलं, फटीतून. त्या म्हणाल्या, आपण गेल्याच वर्षी फटी बुजवून घेतल्या, तुमच्याच देखरेखीखाली. मी म्हटलं, हो, काम उत्तम झालं होतं. त्या म्हणाल्या, मग?

त्यांनी अहवाल परत दिला आणि म्हणाल्या, माणूस शोधा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

माणूस मॅडमनीच शोधला. शिडी.

किल्ल्या तीन. एक मॅडमची, ती त्या दिवशी त्यांच्याबरोबर परगावी होती. एक माझी, आणि मी काही स्वतःच्या बायकोला पाडणार नाही. उरला शिडी. तो घरी एकटा होता, बायको माहेरी. साक्षीदार नाही. महिनाअखेरपर्यंत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर घरी बसवणार, असं मॅडमनी त्याला तोंडावर सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. मूग गिळून.

शिडी एकदाच माझ्याकडे वळला आणि म्हणाला, सर, तुम्ही तरी सांगा यांना, मी असं करीन का?

मी म्हटलं, चौकशी चालू असताना मला काही बोलता येत नाही. नियमच आहे तसा. असणार.

ताट तसंच ठेवून उठलो. दाढ काढलेल्या जागी ठणकतंय, त्यामुळे असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

घराचं पोलीस ठाणं झालंय. बायको पलंगावर, पाय उशीवर, भोवती गल्लीतल्या बायका. कोण कुठे होतं, कुणी काय पाहिलं. मी चहा करून नेतो आणि कान टवकारतो.

आज सगळ्या गेल्यावर बायकोने मला बसवलं. म्हणाली, मी तुम्हाला दोनदा हाक मारली. तुम्ही गच्चीवर होतात. ऐकू आली नाही?

म्हटलं, तंद्री लागली होती.

म्हणाली, दिवे गेलेले तुम्हाला कळले नाहीत? दिव्यांच्या माणसाला?

म्हटलं, मी वर बघत होतो.

ती बघत राहिली. नर्सा ताप बघताना तशा बघतात. मग म्हणाली, ही रक्तिमा कोण? तुमच्या खिशात चिठ्ठी सापडली.

जीव भांड्यात पडला! सविस्तर सांगितलं, तारका आहे, लाल आहे, एकनिष्ठ आहे. मागच्या गॅलरीतून सासूबाई ओरडल्या, अगं, टाकीवरचा दिवा! बायकोने डोळे मिटले आणि उशीवर मान टाकली. दुखत असावं.

शिडीबद्दल मात्र ती म्हणाली, तो माणूस असं करणार नाही. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. हे मी मनापासून म्हटलं. तेवढं खरं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कविता पूर्ण! सोळा ओळी. फक्त पहिली ओळ लंगडी. "सारे दिवे मालवले" यात जोर नाही. कुणी मालवले? आपोआप मालवले? "मालवले कुणी सारे दिवे" करून पाहिलं. अडखळतं. "मालवले मी सारे दिवे" म्हटलं आणि अंगावर शहारा आला. काय ओघ! काय ताकद!

पण.

दुपारी कार्यालयात खिडकीपाशी पुटपुटत होतो, शिडी मागे उभा. गळ्यात धोंड बांधल्यासारखा चेहरा झालाय त्याचा. म्हटलं, बिचाऱ्याचं मन रमेल, म्हणून बसवून पूर्ण कविता ऐकवली. दोन्ही प्रकारे, "कुणी" घालून आणि "मी" घालून. विचारलं, तुला काय वाटतं?

तो माझ्याकडे बघत होता, बघतच होता. कवितेने माणूस असा सुन्न झालेला मी प्रथमच पाहिला. मग त्याने विचारलं, सर, ही तारका कुठे दिसते? मी दिशा दाखवली. मग विचारलं, आणि सगळे दिवे विझल्यावर ती एकटी राहिली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं? मी म्हटलं, कवी न पाहता लिहीत नाही.

तो उठला. म्हणाला, सर, "मी"च ठेवा. हा शब्द अजिबात बदलू नका. कविता या शब्दावर उभी आहे.

आठवी पास माणूस. पण कान आहे त्याला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांचा फोन. प्रमुख पाहुण्या ठरल्या. आमच्या मॅडम.

तोंडचं पाणी पळालं. विचारलं, त्या कशा काय? डॉक्टर म्हणाले, तुमच्याच खात्यातला एक उंच माणूस आला होता, त्याने सुचवलं. मलाही पटलं, माझ्या दवाखान्यासमोरचा दिवा कधीपासून बंद आहे, त्या निमित्ताने विषय काढता येईल.

शिडीला विचारलं, तू कशाला मध्ये पडलास? म्हणाला, सर, तुमची कविता मोठ्या लोकांनी ऐकायला हवी.

इतका जीव लावतो तो मला. आणि मी? असो. कवितावाचन झालं की मॅडमशी त्याच्याबद्दल बोलणार. नक्की. चांगल्या मूडमध्ये असतील.

२९ नोव्हेंबर

ठरलं. "कुणी" वाचायचं. धोका नको. आरशासमोर उभं राहून सराव केला. मालवले कुणी, मालवले कुणी. दर वेळी जीभ अडखळते, खडीवरून चालल्यासारखी.

बायको म्हणाली, मी येणार. कुबड्या घेऊन येणार. इतके दिवस गच्चीवर काय करत होतात ते एकदा ऐकू तरी द्या. सासूबाई म्हणाल्या, मीपण.

घरभर येरझाऱ्या. यालाच प्रसूतिवेदना म्हणत असावेत.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळ

"कुणी". अंतिम निर्णय. कागदावर "मी" खोडून "कुणी" लिहिलं. वर रेघ मारली. हा विषय संपला.

१ डिसेंबर, सोमवार

काल सभागृहात पंख्याचा आवाज. पहिल्या रांगेत मॅडम, शेजारी बायको, पाय स्टुलावर, तिच्या शेजारी सासूबाई. शिडी मागे भिंतीला टेकून.

माझ्या आधी चौघांनी वाचलं. चौघांचाही चंद्र. लोक जांभया देत होते. मला वाटलं, यांना जागं करायला हवं. माइकसमोर उभा राहिलो, कागद उघडला, "कुणी" स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडलं. आणि ऐकू आलं, "मालवले मी सारे दिवे".

ओघात गेलं. ओघापुढे कोण काय करणार?

लोक सरसावून बसले. खरंच बसले! मी पेटलो. शेवटपर्यंत थांबलो नाही. "कुणासाठी जळतेस अशी?" हे तर मी दोनदा वाचलं, हात पसरून.

वाचन संपताच सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, किती दिवस सांगतेय, टाकीवरचा दिवा आहे तो.

सगळं सभागृह हसलं. मागे वळून खिडकीतून बघायला लागलं. खिडकीतून ती दिसत होती. लाल. स्थिर. खिडकीजवळच्या कुणीतरी तिच्यावर टॉर्च मारला, तो तिथवर पोचला नाही, पण तेवढ्याने टाकीची कड दिसल्यासारखी वाटली. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. खाली खांब होते.

मॅडम हसल्या नाहीत. उभ्या राहिल्या. म्हणाल्या, छान आहे कविता. एक शंका. टाकीवरच्या दिव्याची लाइन वेगळी आहे, त्याला बॅटरीही आहे. गल्लीतले सगळे दिवे बंद आणि तो तेवढा चालू, असं आजवर एकाच रात्री झालं. आणि तुम्ही म्हणताय, मालवले मी.

मी म्हटलं, कवितेतला "मी" म्हणजे कवी नसतो.

त्यांनी विचारलं, मग कोण असतो?

बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या प्लास्टरकडे बघत होती.

म्हटलं, मी.

एवढा एकच शब्द माइकवरून गेला. भिंतीला टेकलेल्या शिडीने डोळे पुसले. मग बाहेर निघून गेला.

बायको घरी येताना काही बोलली नाही. घरी आल्यावर नाही, आज सकाळी नाही. ती चिडते तेव्हा घर डोक्यावर घेते, त्याला उत्तरं देता येतात. याला कसं उत्तर द्यायचं?

४ डिसेंबर, गुरुवार

घरी बसवलं नाही. मॅडम म्हणाल्या, कबूल केलंत म्हणून. सुपरवायझरची खुर्ची शिडीला. मला तक्रारीच्या फोनवर बसवलंय. खिडकी नाही, पंखा आहे.

कामाचा दर्जा कमी वाटला तरी लोकांशी थेट संपर्क. कवीला ते हवंच असतं.

शिडीची माफी मागायला गेलो. म्हणाला, सर, मला दोन रात्री झोप नव्हती तुमच्यावर असा डाव टाकायच्या विचाराने. पण तुम्ही सांगतच नव्हतात. मी हात जोडले. तोच म्हणाला, जाऊ द्या, चहा घ्या.

बायको अजून बोलत नाही. जे हवं ते आईमार्फत. त्यांना सांगा औषध संपलंय. त्यांना सांगा उशी द्या. मी समोरच उभा असतो.

९ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी तक्रारीचा फोन वाजला. म्हटलं, दिवाबत्ती, बोला. पलीकडे बायको.

माझा मोबाइल टेबलावरच होता, त्यावर केला नाही. खात्याच्या नंबरवर केला. ठरलेल्या सुरात म्हणाली, तक्रार लिहून घ्या. टाकीवरचा लाल दिवा बंद आहे.

मीही ठरलेल्या सुरात विचारलं, दिवा बंद असल्याने कुणाची गैरसोय होतेय? हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो.

ती म्हणाली, माझी. मी इथे गॅलरीत बसते. त्या रात्री मी खडीवर पडले होते. काही दिसत नव्हतं, घर कुठल्या बाजूला तेही कळेना. घरच्या माणसाला दोनदा हाक मारली. कुणी आलं नाही. मग तो लाल दिवा दिसला. तो आपल्या घराच्या मागे आहे एवढं माहीत होतं. त्याच्याकडे बघत बघत, भिंत धरून घरी आले. तो बंद असला की मला बरं वाटत नाही.

आणि फोन ठेवला.

मी त्याच वेळी वर बसून त्याच दिव्याला विचारत होतो, कुणासाठी जळतेस. सांग ना, सांग ना करत होतो. ती दोन घरं पलीकडे, जमिनीवर बसून हाक मारत होती. आणि मला वाटलं, ओळ हातची जाईल.

तक्रार लिहिली. लिहिताना बोटं थरथरली. थंडीमुळे नाही.

शिडीकडे गेलो. म्हणाला, उद्या माणूस पाठवतो. मी म्हटलं, मी जातो. आत्ता. तो म्हणाला, सर, तुम्ही? टाकीवर? तुम्ही कधी खांबावरसुद्धा... मी म्हटलं, हो, मी.

लोखंडी जिना, गोल गोल, वर वर. शिडी खालून टॉर्च धरून ओरडत होता, खाली बघू नका, सर, एक हात सोडू नका. कमरेला दोर. मध्ये एकदा थांबलो आणि आईचं नाव घेतलं. वर पोचलो. जुना बल्ब काढला, नवा बसवला. लागला. हाताचा पंजा लाल झाला.

आमची गॅलरी तिथून समोरच. सासूबाईंच्या टाळ्या ऐकू आल्या. त्या एकट्याच वाजवत होत्या.

उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. घरी आलो तेव्हा बायको पलंगावर बसून होती. माझे ओरखडलेले हात बघितले, पुढे ओढले, स्पिरिट लावलं. झोंबलं.

पट्टी बांधताना, मान वर न करता, तिने विचारलं, दिवा लागण्याआधी तिथे अंधार असेल. गल्लीतल्यापेक्षा जास्त. वरून तुमचं आकाश कसं दिसत होतं?

खूप काही सुचलं. दोन ओळी तर यमकासकट आल्या.

मग खरं ते सांगितलं. म्हटलं, मी डोळे मिटले होते.